शेवटचा आकडा

गल्लीत नवी गाडी उभी दिसली की आम्ही पोरं तिच्या काचेला नाक लावून उभी राहायचो. ऊन आड येऊ नये म्हणून डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हाताचा आडोसा करायचा आणि आत डोकवायचं. सीट कशी आहे, रेडिओ आहे का, हे नंतर. आधी स्टिअरिंगच्या मागची ती गोल तबकडी, आणि तबकडीवरचा शेवटचा आकडा. १४० असेल तर गाडी बरी. १८० असेल तर मालकाकडे बघण्याची आमची नजरच बदलायची. २२० दिसला तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीला खबर. त्या आकड्यापर्यंत काटा गेलेला कोणीच पाहिला नव्हता. गाडीच्या मालकानंही नाही. तरी गाडीची लायकी ठरवायला तेवढा आकडा पुरायचा. पुढे ट्रम्प कार्डं आली. गाड्यांच्या पत्त्यांत वजन, सिलिंडर, इंजिनाची ताकद असं बरंच छापलेलं असे. पण डाव मारायचा असला की तोंडून एकच शब्द निघे: ‘टॉप स्पीड!’

मोठेपणी हे वेड सुटतं, असं म्हणतात. काहींचं सुटत नाही. त्यांतल्या काहींच्या हाती मोठमोठ्या मोटार कंपन्या येतात. हा लेख त्यांच्याबद्दल आणि त्यांच्या त्या शेवटच्या आकड्याबद्दल आहे.

उत्तर जर्मनीत वोल्फ्सबर्गच्या जवळ, एरा आणि लेसिएन या दोन खेड्यांच्या नावानं ओळखलं जाणारं फोक्सवॅगनचं चाचणी केंद्र आहे. शीतयुद्धाच्या काळात पूर्व जर्मनीची सरहद्द इथून हाकेच्या अंतरावर होती. वरून विमानं उडायला बंदी, त्यामुळे चोरून फोटो काढण्याची भीती नाही. गुप्त चाचण्यांसाठी याहून चांगली जागा कुठली मिळणार? तिथे सुमारे पावणेनऊ किलोमीटरचा नाकासमोर सरळ रस्ता आहे. २ ऑगस्ट २०१९ रोजी अँडी वॉलेस या ब्रिटिश चालकानं बुगाटी शिरॉन ही गाडी त्या रस्त्यावर आणली. वॉलेस तेव्हा ५८ वर्षांचे. १९८८ मध्ये त्यांनी जॅग्वारमधून ल मॉंची २४ तासांची शर्यत जिंकली होती.

गाडी दुकानातली नव्हती. मागचं टोक सुमारे २५ सेंटिमीटरनं लांबवलेलं, म्हणजे हवा सुटताना कमी ओढेल. शेजारची सीट काढलेली. चालकाभोवती पोलादी पिंजरा. इंजिन ८ लिटरचं, १६ सिलिंडरचं, चार टर्बोंचं. ताकद सुमारे १६०० अश्वशक्ती. वॉलेस एकदम सुटले नाहीत. ताशी ३०० पासून पन्नास-पन्नास किलोमीटरच्या पायऱ्यांनी ते वर चढत गेले. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट तपासायची होती: हवा गाडीला किती उचलते आणि किती दाबते. उचल जास्त झाली तर गाडी रस्ता सोडेल, दाब जास्त झाला तर टायर फुटतील. मोठं प्रवासी विमान ताशी २५० ते ३०० किलोमीटरच्या दरम्यान जमीन सोडतं. इथे त्याच्या दीडपटीहून जास्त वेगात, दोन टनांची वस्तू जमिनीवर राखायची होती.

रस्त्यात एका ठिकाणी जुनं डांबर संपून नवं सुरू होतं. पायी चालणाऱ्याला तो सांधा जाणवणारही नाही. वॉलेस यांनी पुढे सांगितलं की ताशी ४४७ च्या वेगात तिथे गाडी उडीच मारायची. तरीही पाय उचलायचा नाही. वळणावरून ताशी २०० नं बाहेर पडल्यावर सत्तर-एक सेकंद अॅक्सिलरेटर तळाला दाबून ठेवायचा. त्या दिवशी काटा गेला ताशी ४९०.४८४ किलोमीटरवर. मैलांत ३०४.७७३. रस्त्यावर चालू शकेल अशा गाडीनं ३०० मैलांची रेघ ओलांडण्याची ती पहिली वेळ होती.

ताशी ४९० म्हणजे सेकंदाला १३६ मीटर. क्रिकेटच्या जवळजवळ सात खेळपट्ट्या, एका सेकंदात. पण मला स्वतःला या सगळ्यात सर्वांत जास्त खिळवून ठेवतो तो टायर. त्या वेगात चाक सेकंदाला साठहून जास्त फेरे घेतं. कडेच्या रबराला बाहेर फेकणारी ओढ वजनाच्या पाच हजार पटींहून जास्त होते. दोन चिमटी साखर घ्या. ती साधारण एक ग्रॅम भरेल. टायरच्या कडेचं तेवढं रबर त्या क्षणी पाच किलोची पिशवी असल्यासारखं ओढ घेत असतं, आणि टायर त्याला धरून ठेवतो. मिशेलिननं त्या टायरांत कार्बन तंतूंचे पट्टे घातले होते. बसवण्याआधी एकेका टायरचा एक्स-रे काढला होता. आतला एक तंतू जरी वाकडा बसला असता, तर वॉलेस यांना ते कळायला वेळही मिळाला नसता.

इथपर्यंत वाचून अंगावर काटा आला असेल तर मी तुमच्या बाजूचा आहे. आता दुसरी बाजू.

हवेचं गणित क्रूर आहे. वेग दुप्पट केला की हवेचा अडसर चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी ताकद आठपट. म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर स्वस्तात पडतात आणि शेवटचे वीस-तीस कंपनीचं दिवाळं काढतात. ‘वेरॉन’ हे याचं उत्तम उदाहरण. फर्डिनांड पिएख हे फोक्सवॅगनचे सर्वेसर्वा, फर्डिनांड पोर्शे यांचे नातू. १९९७ मध्ये जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये बसून त्यांनी एका पाकिटावर अठरा सिलिंडरच्या इंजिनाचं चित्र काढलं. त्यातून पुढे फोक्सवॅगनच्याच ताब्यातल्या बुगाटीची सोळा सिलिंडरची वेरॉन आली, २००५ मध्ये. हुकूम आधीच सुटला होता: हजार अश्वशक्ती पाहिजे आणि ताशी ४०० च्या पुढे पाहिजे. इंजिनिअरांनी मग त्या दोन आकड्यांभोवती गाडी बांधली. १००१ अश्वशक्ती चाकांपर्यंत पोचवताना तिच्या जवळजवळ दुप्पट उष्णता तयार होते. ती बाहेर काढायला एकाच गाडीत दहा रेडिएटर बसवावे लागले.

वेरॉनच्या मालकाला टॉप स्पीड गाठायचा असेल तर त्याचा विधी होता. गाडी पूर्ण थांबवायची. चालकाच्या सीटच्या डाव्या बाजूला एक वेगळं भोक आहे, त्यात दुसरी किल्ली फिरवायची. गाडी स्वतःची तपासणी करते. सगळं ठीक असेल तर मागचा पंख आत जातो, बोनेटखालच्या झडपा मिटतात, गाडी जमिनीलगत बसते. मग सुटायचं. वाटेत ब्रेकला पाय लागला की विधी मोडला, गाडी पुन्हा नेहमीच्या अवस्थेत. हे सगळं करून ताशी ४०७ गाठलात, की टाकीतलं १०० लिटर पेट्रोल सुमारे १२ मिनिटांत संपतं. बारा मिनिटांत त्या वेगानं होतात साधारण ८० किलोमीटर. आपला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा. म्हणजे कळंबोलीहून टाकी काठोकाठ भरून निघालेली वेरॉन, घाट नसता, टोल नसता, एकही ट्रक नसता, तरी किवळ्याच्या टोकापर्यंत पोचली नसती. आणि पेट्रोल संपतं ते बरंच आहे, असं कंपनीचीच माणसं सांगत. कारण त्या वेगात टायर जेमतेम पंधरा मिनिटं टिकले असते.

अशा ४५० वेरॉन विकल्या गेल्या. एका बाजार-विश्लेषक संस्थेनं २०१३ मध्ये हिशेब मांडला होता की प्रत्येक गाडीमागे फोक्सवॅगनला ४६ लाख युरोंच्या आसपास तोटा झाला. गाडी दहा लाखांहून जास्त युरोंना विकूनसुद्धा!

तुलनेला मॅक्लारेन एफ-१ घ्या. गॉर्डन मरे या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या डिझायनरनं ती १९९० च्या सुमारास आखायला घेतली. त्याच्या डोक्यात टॉप स्पीडचा आकडा नव्हताच, हे त्यानं अनेकदा सांगितलं आहे. त्याला हलकी गाडी हवी होती. चालकाची सीट मधोमध, दोन सोबती त्याच्या मागे डाव्या-उजव्या हाताला. टर्बो नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. बीएमडब्ल्यूचे पॉल रोश यांनी बांधलेलं बारा सिलिंडरचं इंजिन, आणि उष्णता परतवायला इंजिनाच्या खोलीला आतून खऱ्या सोन्याचा वर्ख. सोनं शोभेसाठी नव्हतं. उष्णता परतवण्यात त्याचा हात धरणारं दुसरं काही मिळालं नाही, म्हणून. वजन ११३८ किलो, म्हणजे वेरॉनच्या सुमारे साठ टक्के. ३१ मार्च १९९८ रोजी पाच वर्षं वापरलेली, चाचण्यांत झिजलेली अशी एक एफ-१ एरा-लेसिएनला नेली. इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादा सैल केली आणि दोन्ही दिशांच्या सरासरीत ताशी ३८६.४ किलोमीटर मिळाले. चालक कोण? हेच अँडी वॉलेस, एकवीस वर्षांनी तरुण.

त्याच काळात जॅग्वारनं ‘एक्सजे-२२०’ काढली. नावातला २२० म्हणजे ताशी २२० मैल. आकडा नावातच गोंदून घेतला. १९९२ मध्ये इटलीच्या नार्दो इथल्या वर्तुळाकार धावपट्टीवर मार्टिन ब्रंडल यांनी धुराच्या नळीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकून ती पळवली. २१७ मैल. तीन मैल कमी पडले ते कायमचेच. जाहिरातीत बारा सिलिंडरचं इंजिन दाखवलं होतं, प्रत्यक्षात सहाचं आलं. आगाऊ रक्कम भरलेली गिऱ्हाइकं कोर्टात गेली. आकडा आधी आणि गाडी नंतर, हा क्रम लावला की असं होतं.

माझं मत मी इथेच सांगून टाकतो. चांगली गाडी बांधताना जो वेग आपसूक हाती लागतो तो सुंदर असतो. वेगासाठी म्हणून बांधलेली गाडी चमत्कार असू शकते, पण तिच्यावर जीव जडत नाही. एफ-१ नं १९९५ मध्ये ल मॉंची शर्यत जिंकली; वेरॉन कुठल्याही शर्यतीत उतरली नाही, उतरूही शकली नसती.

आता कोणी म्हणेल, या खटाटोपातून तंत्रज्ञान पुढे जातं, ते आज ना उद्या आपल्या गाडीत येतं. हा युक्तिवाद मी फार वर्षं मानत आलो. नीट तपासला तेव्हा टिकला नाही. आपल्या गाडीतले डिस्क ब्रेक, अँटिलॉक, टर्बो, सीटबेल्ट हे विमानांतून, शर्यतींतून, ट्रकमधून, अपघातांच्या अभ्यासातून आले. ताशी ४९० ला जे प्रश्न पडतात ते ताशी १२० ला पडतच नाहीत. पाच हजारपट ओढ सहन करणारा टायर पुण्याच्या खड्ड्यांत काय कामाचा?

या वेगांचा इतिहास जुन्या नोंदींशी ताडून पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. शिरॉननं ३०० मैल ओलांडले २०१९ मध्ये. माल्कम कॅम्पबेल या इंग्रजानं ते ३ सप्टेंबर १९३५ रोजी ओलांडले होते, अमेरिकेतल्या युटाच्या मिठागरावर, विमानाचं ३७ लिटरचं रोल्स-रॉइस इंजिन बसवलेल्या ‘ब्लूबर्ड’ गाडीतून. सरासरी ३०१.१२९ मैल, म्हणजे ताशी ४८४.६ किलोमीटर. चौऱ्याऐंशी वर्षांत फरक पडला सहा किलोमीटरचा! अर्थात कॅम्पबेलची गाडी बाजारात जायची नव्हती आणि शिरॉनमध्ये एअर कंडिशनर होता. पण ‘आजवर कुणी गेलं नाही तिथे’ हे जे जाहिरातीतलं वाक्य असतं, त्याच्याकडे बघताना हा इंग्रज आठवावा. आणि नुसत्या जमिनीवरच्या वेगाचाच प्रश्न असेल तर तो १५ ऑक्टोबर १९९७ ला निकालात निघाला. अँडी ग्रीन यांनी जेट इंजिनांची ‘थ्रस्ट एसएससी’ नेवाडाच्या वाळवंटात ताशी १२२७.९ किलोमीटरनं नेली, आवाजाच्या वेगापलीकडे.

कॅम्पबेलच्या बाबतीतली खरी गोष्ट मला वेगळीच वाटते. त्या दिवशी मोजणाऱ्यांनी आधी २९९.८७५ मैल जाहीर केले. ३०० ला एक अष्टमांश मैल कमी! जन्मभराचा ध्यास तेवढ्यानं हुकला असं मानून तो माणूस मैदानातून निघाला. मागाहून मोजणीत चूक सापडली, आकडा सुधारला, आणि तो ३०१ च्या वर निघाला. विक्रम म्हणजे गाडी, चालक, रस्ता हे तर खरंच. पण सर्वांत आधी विक्रम म्हणजे घड्याळ धरलेला माणूस.

म्हणून नियम आहे: एकाच रस्त्यावर, तासाभरात, दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी काढायची. कारण साधं आहे. पाठीवर वारा असेल तर हवा मदत करते, उतार असेल तर जमीन मदत करते. परत फिरून आलं की उसनं घेतलेलं फेडावं लागतं. वॉलेस २०१९ मध्ये एकाच दिशेनं धावले. त्यामुळे ४९० हा आकडा खरा आहे, यंत्रानं मोजलेला आहे, पण जुन्या नियमानं तो विक्रम होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनच्या बीवायडीनं ‘यांगवांग यू-९ एक्स्ट्रीम’ ही विजेवरची गाडी जर्मनीतच, पापेनबर्गच्या धावपट्टीवर, ताशी ४९६.२२ वर नेली. चार मोटारी, मिळून तीन हजारांवर अश्वशक्ती. तीही एकाच दिशेनं. (गाडीनं ताशी शंभराचा टप्पा सर्वांत आधी ओलांडला तोही विजेवरच: १८९९ मध्ये, पॅरिसजवळ, कामिय जेनाझीनं.) प्रत्येक कंपनी आपल्याला सोयीची पट्टी घेऊन मोजते आणि मग सगळेच पहिले येतात.

या मोजणीच्या प्रश्नावरून झालेला सर्वांत मोठा गोंधळ अमेरिकेतला. नेवाडा राज्यात, लास व्हेगासच्या पश्चिमेला पारम्प नावाचं गाव आहे. तिथला महामार्ग क्रमांक १६० वाळवंटातून मैलोन् मैल सरळ जातो. १० ऑक्टोबर २०२० रोजी ‘एसएससी’ या छोट्या अमेरिकी कंपनीची टुआटारा तिथे धावली. चालक ऑलिव्हर वेब. कंपनीनं जाहीर केलं: दोन्ही दिशांची सरासरी ताशी ३१६.११ मैल, म्हणजे ५०८ किलोमीटर. एका दिशेला तर ५३२. सोबत चालकाच्या डोळ्यांसमोरचं चित्रीकरण, कोपऱ्यात पळणारा आकडा. जगभर बातम्या झाल्या.

मग घरात बसलेल्या काही माणसांनी ते चित्रीकरण थांबवून थांबवून पाहिलं. तीन यूट्यूबर त्यात पुढे होते. रस्त्याकडेच्या ओळखू येणाऱ्या दोन खुणा निवडल्या, उपग्रहाच्या नकाशावरून त्यांच्यातलं अंतर काढलं, गाडीला ते कापायला किती सेकंद लागले ते मोजलं. अंतर भागिले वेळ. सातवीतलं गणित! उत्तर कोपऱ्यातल्या आकड्याशी जुळेना. इंजिनाचे फेरे, गिअरचं प्रमाण आणि टायरचा घेर यांचा गुणाकार केला, तोही जुळेना. कंपनीचे संस्थापक जेरॉड शेल्बी आधी ठाम होते, नंतर चित्रीकरणातल्या चुका मान्य केल्या, पुन्हा धावायचं कबूल केलं. जानेवारी २०२१ मध्ये फ्लोरिडात, स्पेस शटल उतरायच्या धावपट्टीवर, गाडीच्या मालकानंच ती चालवली. व्यवसायानं तो दंतवैद्य. सरासरी ताशी २८२.९ मैल, ४५५ किलोमीटर. त्याच वर्षी जुलैत कंपनीनं सरळ सांगितलं की पहिल्या धावेत ३०० मैल झालेच नव्हते.

४५५ हा काही कमी आकडा नाही. साध्या, खऱ्या रूपात तो आधी आला असता तर टाळ्या पडल्या असत्या. आता त्या गाडीचं नाव काढलं की माणसं हसतात. मला मात्र या प्रकरणात शरमेपेक्षा समाधान जास्त वाटतं. कोट्यवधींची यंत्रं, उपग्रहांवर चालणारी मोजमापं, कंपनीचे साक्षीदार, हे सगळं एकीकडे; आणि दोन खुणांमधलं अंतर मोजणारी, त्या आकड्यावर मनापासून प्रेम असलेली माणसं दुसरीकडे. विक्रमाची राखण त्यांनी केली. काचेला नाक लावणारी पोरं मोठी होऊन हे करू शकतात, याचा मला अभिमान आहे.

पारम्पच्या त्याच रस्त्यावर तीन वर्षं आधी, ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीची अगेरा आरएस धावली होती. अठरा-एक किलोमीटर रस्ता त्या दिवसापुरता बंद करून घेतला होता. गाडी एका गिऱ्हाइकाची, चालक कंपनीतला निकलास लिल्या. दोन्ही दिशा, सरासरी ताशी ४४७ च्या जवळ. या धावेवर कोणी बोट ठेवलं नाही. सार्वजनिक रस्त्यावरच्या वेगाचा विक्रम तिनं मोडला. मोडलेला विक्रम किती जुना होता? जवळजवळ ऐंशी वर्षं. तो २८ जानेवारी १९३८ चा होता.

त्या सकाळी फ्रँकफुर्ट-डार्मश्टाट महामार्गावर मर्सिडीज आणि ऑटो युनियन या दोन जर्मन कंपन्या समोरासमोर आल्या होत्या. दोघींच्या मागे नाझी सरकारचा पैसा आणि प्रचार. बर्लिनचं मोटार प्रदर्शन तोंडावर आलं होतं, त्याआधी विक्रम हवा होता. म्हणून भर थंडीत हा घाट. मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओला यांची गाडी एवढी बंदिस्त होती की रेडिएटरला हवा घ्यायला तोंडच नाही. हवेचा अडसर वाचवायला इंजिन बर्फाच्या पेटीनं थंड ठेवलं होतं. सकाळीच त्यांनी दोन्ही दिशांची सरासरी काढली: ताशी ४३२.७ किलोमीटर. चारचाकीसाठी नुकताच बांधलेला, मधे गवताचा पट्टा असलेला साधा महामार्ग, वरून पूल आडवे गेलेले. त्या पुलांखालून जाताना रस्ता भोकाएवढा अरुंद दिसतो, असं या चालकांनी सांगून ठेवलं आहे.

विक्रम गेला म्हटल्यावर ऑटो युनियनचा बर्न्ड रोझमायर त्याच दिवशी उतरला. वय २८. आदल्या ऑक्टोबरात त्यानं महामार्गावर ताशी ४०० ची रेघ सर्वांत आधी ओलांडली होती. बायको एली बाइनहॉर्न, एकटीनं जगाची सफर केलेली नामांकित वैमानिक. घरी अडीच महिन्यांचा मुलगा. एव्हाना वारा सुटला होता. वारा वाढल्याचं काराचिओला यांनी त्याला सांगितलं होतं, असं म्हणतात. बाराच्या सुमारास, दुतर्फा असलेली झाडी जिथे तुटते तिथे आडवा झोत आला. सव्वाचारशेच्या वेगात असलेली, कागदासारख्या पातळ पत्र्याची ती लांब गाडी रस्त्यावरून उचलली गेली आणि तिचे तुकडे झाले. रोझमायर झाडांमध्ये फेकला गेला. काही मिनिटांत संपला. सरकारनं त्याच्या अंत्यविधीचाही सोहळा केला, कारण प्रचाराला तोही उपयोगी होता.

ऑटो युनियनच्या त्या गाड्यांची मूळ आखणी फर्डिनांड पोर्शे यांची. सत्तर वर्षांनी त्यांच्याच नातवानं हट्टानं वेरॉन बांधून घेतली. हे वेड घराण्यातूनही उतरतं.

२०१९ च्या धावेनंतर बुगाटीनं जाहीर केलं की आता आपण या शर्यतीतून बाहेर. त्या विक्रमी गाडीच्या तीस प्रती गिऱ्हाइकांना विकल्या, प्रत्येकी ३५ लाख युरोंना, आणि त्या सर्वांना इलेक्ट्रॉनिक लगाम घातला ताशी ४४० चा. शहाणपणाचं झालं. पण आकडा एकदा बाहेर सुटला की तो धावपट्टीवर थांबत नाही. जुलै २०२१ मध्ये एका चेक उद्योजकानं बर्लिन-हानोवर महामार्गावर चालू वाहतुकीत शिरॉन ताशी ४१७ नं नेली आणि त्याचं चित्रीकरण जगाला दाखवलं. त्या पट्ट्यात वेगमर्यादा नाही. सरकारी वकिलांनी चौकशी केली आणि प्रकरण मिटवलं. आपल्याकडे एवढ्या वेगाची गरजही पडत नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेच्या धडकेनं दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले, तो साधा शहरातला रस्ता होता. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची. त्या सरळसोट काँक्रीटवर तापलेले, झिजलेले टायर फुटून किती संसार उघडे पडले, ते विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना मी सांगायला नको. ज्या टायरचा एक्स-रे काढलेला नाही, त्यावर बसून आपण तबकडीचा शेवटचा आकडा शोधायचा नसतो.

ज्यांना तो शोधल्यावाचून चैन पडत नाही त्यांच्यासाठी जागा आहे. इंदूरजवळ पीथमपूरला ‘नॅट्रॅक्स’ची ११.३ किलोमीटरची वेगवान धावपट्टी २०२१ मध्ये सुरू झाली. महिंद्रांच्या मालकीच्या पिनिनफारिना कंपनीची ‘बत्तिस्ता’ ही विजेवरची गाडी तिथे ताशी ३५७ नं धावली आहे. समोरून कोणी येत नाही, कडेला शाळा सुटत नाही, रुग्णवाहिका तयार असते. तिथे जा. कोणी घेऊन गेलं तर मीही येईन, आणि काचेला नाक लावून उभा राहीन.

रोझमायर जिथे पडला त्या जागी, महामार्गालगतच्या झाडीत, त्याच्या नावाची शिळा आहे. शेजारून आजही दिवसरात्र वाहनं जात असतात. त्याच्या मुलाचं नाव बापाचंच ठेवलं होतं, बर्न्ड. तो मोठा होऊन डॉक्टर झाला.